ताडपत्रीमागचं बियाणं

आशुन कोणावर विश्वास ठेवत नाही, हे आमच्या डोंगरावर सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. बंदरावर मासळी घेताना ती तराजूकडे बघतच नाही. मासा स्वतःच्या हातावर तोलते, परत ठेवते, दुसरा उचलते. पाद्री घरी येऊन गेला की चमचे जागेवर आहेत ना ते पाहते. गुरुवारी दुपारी खानावळीत आम्ही चौघं पत्ते घेऊन मुसचा डाव मांडतो. या खेळात जोडीदाराला तोंडाने खुणा करायची उघड मुभा असते. खालचा ओठ चावला की माझ्याकडे दोन राजे आहेत, जिभेचं टोक दाखवलं की दोन एक्के. मी आशुनचा जोडीदार. मी ओठ चावला की ती माझ्याकडे अशी बघते, की मीच पुन्हा पत्ते उघडून राजे आहेत का ते पाहतो.

"अगं, मी तुझ्या बाजूचा आहे," मी एकदा म्हणालो.

"ते मला कसं कळणार?" ती म्हणाली.

तिचा नवरा काशियानो टूना पकडणाऱ्या बोटींवर होता. तो गेल्याला बरीच वर्षं झाली. आशुनने स्वतः उभं आयुष्य मासे खारवण्याच्या कारखान्यात काढलं. आमच्या किनाऱ्यावरची अँचोवी म्हणजे मांदेलीची थोरली बहीण. ती मिठात मुरवायची, मग गार पाण्यात धुवायची आणि बोटांनी सोलून तिचे दोन काप करायचे. हे काम बायकाच करत. त्या गार पाण्याने आणि मिठाने आशुनच्या बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली आहेत. मूठ पुरती मिटत नाही. बरणीचं झाकण फिरवायला ती माझ्या बायकोला, लोरेआला, हाक मारते, आणि झाकण उघडून दिल्यावर बरणीत किती होतं ते लोरेआच्या देखत पाहते.

या बोटांसाठीच तिने गांजा लावायला सुरुवात केली. कारखान्यातल्या तिच्या एका मैत्रिणीने बिल्बाओ शहरातून बी आणून दिलं होतं. बी मिश्र होतं, पण त्यात इंडिकाचं रक्त जास्त. म्हणजे उंच न वाढता आडवं पसरणारं, रुंद पानांचं, लवकर पिकणारं झाड. त्याच्या तुऱ्यांचं आशुन डुकराच्या चरबीत मलम करते आणि कारखान्यातल्या जुन्या बायकांना वाटते. उपयोग होतो का, ते मला सांगता येणार नाही. आशुन म्हणते होतो. तिच्या तोंडून कुठल्याही गोष्टीबद्दल हे निघणं मी पुरेसं मानतो.

आमची हवा सौम्य. हिवाळ्यात पाणी गोठत नाही, उन्हाळ्यात रान करपत नाही. परगावचे लोक म्हणतात, इथे काय वाटेल ते उगवेल. उगवतं, पण इथल्या गांजाला मरायचं असेल तर तो ओलीने मरतो. समुद्रावरून बुरबुर येते ती पाऊस म्हणावा अशी नसते, छत्री उघडावी अशीही नसते, आणि तरी संध्याकाळी सदरा पिळावा लागतो. इंडिकाचे तुरे मुठीसारखे घट्ट. पाणी आत जातं ते बाहेर येत नाही. म्हणून आशुनने दरवर्षी चारांतलं एक झाड निवडून त्याचंच बी धरलं. सर्वांत आधी पिकणारं आणि त्यातल्या त्यात सैल तुऱ्याचं. बारा वर्षं हे करून तिचं वाण असं झालं होतं की शरदातला मोठा पाऊस येण्याआधी ते कापून घरात येई. असं बी दुकानात मिळत नाही. कुणी मागितलं तर आशुन म्हणे, "कसलं बी?"

झाडं तिच्या घरामागच्या उतारावर, मक्याच्या आड असत. स्वतःपुरतं, स्वतःच्या जमिनीवर लावलं तर आमच्याकडे कोणी विचारत नाही, मात्र रस्त्यावरून दिसता कामा नये. मका ते काम करी.

गेल्या वर्षी सप्टेंबरात एका सकाळी त्यातलं एक झाड मुळासकट गेलं होतं. बाकीच्यांना हातही लावलेला नव्हता. गेलं ते नेमकं बियाण्याचं.

मी पाहायला गेलो तेव्हा ती खड्ड्याकडे बघत उभी होती.

"चोराला कुठलं झाड घ्यायचं ते माहीत होतं," ती म्हणाली.

"पोरं असतील गं. सर्वांत चांगलं दिसलं ते उपटलं."

"सर्वांत चांगलं दिसणारं ते नव्हतंच. सर्वांत चांगलं होतं."

त्या झाडाबद्दल माहीत असणारे डोंगरावर दोघेच. एक मी आणि दुसरा एरामून. तो उताराच्या खालच्या घरात राहतो. त्याच्या द्राक्षांच्या ओळी आशुनच्या कुंपणापर्यंत येतात, आणि त्या द्राक्षांची आंबटसर वाइन, चाकोली, खानावळीत आम्ही सगळेच पितो. एरामूनचं घर हे आशुनच्या घराचा पहिला शेजारी. आमच्याकडे पहिला शेजारी ही माणसामाणसांतली गोष्ट नाही, घराघरांतली आहे. ती आजोबा-पणजोबांच्या आधी ठरलेली असते आणि मोडता येत नाही. घरात कोणी गेलं तर चर्चच्या घंटेआधी पहिल्या शेजाऱ्याला कळवायचं. घरचं माणूस बाहेर असताना गाय अडली, पिकाला काही झालं, तर त्याने येऊन बघायचं. फक्त आत पाय टाकण्याआधी फाटकाशी उभं राहून घरच्या माणसाला नावाने हाक मारायची, घर रिकामं आहे हे माहीत असलं तरी.

अशा माणसाला चोर म्हणता येत नाही. आशुनने म्हटलंही नाही. डिसेंबरात तिने डुक्कर कापलं आणि सॉसेज, थोडं काळीज, चरबीचा तुकडा असं ताट माझ्याकडे पाठवलं. हे ताट आधी पहिल्या शेजाऱ्याकडे जातं, मग बाकीच्यांकडे. एरामूनकडे गेलंच नाही. दोन घरांत याहून मोठ्याने काही बोलता येत नाही. पुढच्या आठवड्यात एरामूनने त्याचं डुक्कर कापलं. त्याची बायको, एदुर्ने, झाकलेलं ताट घेऊन नेहमीसारखी आशुनकडे आली. आशुनने ते घेतलं, आभार मानले, दार लावलं आणि सगळं कुत्र्याला घातलं. खिडकीला पडदा नव्हता, एदुर्नेने ते पाहिलं. त्या गुरुवारपासून एरामून मुस खेळायला यायचा थांबला. त्याच्या जागी आता खाटीक बसतो. तो बरा खेळत नाही.

वसंतात आशुनने एक गोष्ट केली जी कुठलाही बागायतदार करणार नाही. चोरीच्या आदल्या वर्षीचं जे थोडं बी बरणीत उरलं होतं, ते तिने सगळंच्या सगळं पेरलं.

"थोडं मागे ठेवायचं ना," मी म्हणालो.

"कुठे? घरात? जमिनीतलं निदान डोळ्यांसमोर असतं."

त्यातून रोपं आली ती थोडी. काही नर निघाली. एक नर तिने खिडकीत वेगळा ठेवला, जुलैत त्याचे पराग लोरेआच्या जुन्या रंगाच्या ब्रशाने घेतले आणि चार मादी झाडांपैकी एकाच्या एका फांदीला लावले. त्या फांदीला लाल लोकरीचा दोरा बांधला. बाकीचे नर उपटून जाळले. म्हणजे बारा वर्षांचं वाण आता त्या एका फांदीत होतं. ती गेली की संपलं.

आणि त्या वर्षी तिने मका लावला नाही. मक्यातून माणूस येऊ शकतो, असं तिचं म्हणणं. तिने बंदरावरून बोटींवरची जुनी काळी ताडपत्री आणवली आणि झाडांच्या चारी बाजूंनी खांब रोवून बांधली. वरून कोळ्यांची जाळी आणि तिच्यावर आणखी एक कापड. ताणायला मीच होतो. ताडपत्री जड होती आणि जमिनीला अशी टेकली होती की खालून मांजर जाणार नाही.

"आत हवा कुठून येणार?" मी विचारलं.

"हवेबरोबर नजरही येते," ती म्हणाली आणि दोरीला आणखी एक गाठ मारायला सांगितली.

सप्टेंबरात पहिला तुरा गेला.

मी कचेरीतून परत येत होतो. बंदरावरच्या मच्छीमार मंडळाचे हिशेब मी बघतो. आशुन माझ्या दारात उभी होती. तिने मला घरामागे नेलं, ताडपत्रीची एक कड उचलली आणि आत वाकून बोट दाखवलं. दुसऱ्या झाडाच्या मधोमध एका फांदीचा शेंडा नव्हता. जागा ओली, सरळ कापलेली.

"कात्री," ती म्हणाली. "आणि हात थरथरत नाही त्याचा."

"एकच तुरा? चोर एक तुरा कशाला नेईल?"

"मला कळू नये म्हणून. थोडं थोडं नेतोय." मग ती माझ्याकडे वळली. "काल दुपारी तू कुठे होतास?"

"तुझ्यासमोर! काल गुरुवार होता. मुस खेळत होतो."

तिने विचार केला. "हो. तू होतास. तुझी बायको नव्हती."

ही गोष्ट मी लोरेआला सांगितली नाही. अजूनही सांगितलेली नाही.

पुढच्या गुरुवारनंतर तीन तुरे कमी होते. त्याच्या पुढच्या गुरुवारनंतर सहा, तेही वेगवेगळ्या झाडांचे. दिवसेंदिवस बुरबुर चालू होती आणि डोंगर सकाळी अर्धा दिसत नसे. आशुन आता झाडांशी पहाटेच जाई आणि प्रत्येक फांदीवरून हात फिरवी, शाळेत मुलांची हजेरी घ्यावी तशी. लाल दोऱ्याची फांदी शाबूत होती. पण शाबूत होती याचीच तिला जास्त भीती.

"ती शेवटी नेणार," ती मला बेकरीच्या रांगेत कुजबुजली. "पिकायची वाट बघतोय. कच्चं बी नेऊन काय उपयोग? त्याला सगळं कळतं."

"कुणाला?"

"तुला माहीत आहे कुणाला. गुरुवारी खेळायला कोण येत नाही?"

"तूच त्याचं येणं बंद केलंस, आशुन."

"मी एक शब्द तरी बोलले का?"

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं नेहमीच्या वेळी निघालो. आशुनने दार मोठ्याने लावलं, कुत्र्याला मोठ्याने बजावलं, रस्त्यावर माझ्याशी मोठ्याने खाटकाच्या खेळाला नावं ठेवली. वळणापलीकडे गेल्यावर आम्ही एरामूनच्या नव्हे, माझ्या आवारातून परत वर चढलो आणि तिच्या लाकडांच्या खोपटात बसलो. फळ्यांच्या फटींतून ताडपत्री आणि फाटक दोन्ही दिसत होतं. आशुनच्या मांडीवर कोळसे ओढायची सळई होती.

"ती कशाला?"

"धरायला."

"बोटं मिटतात का तुझी?"

"तू गप्प बस."

फार वेळ बसावं लागलं नाही. एरामून उतार चढून आला. डोक्यावर काळी टोपी, हातात टोपली, खांद्यावर फडकं. फाटकाशी थांबला.

"आशुन!" त्याने हाक मारली. मग जरा थांबून, "आशुन! मी एरामून!"

कोणी उत्तर देईना तसा तो आत आला. कुत्रा भुंकला नाही. शेपूट हलवत त्याच्या पायांत आला.

"बघ," आशुन माझ्या कानाशी फुसफुसली. "कुत्रापण फितवलाय."

"तूच त्याला एरामूनच्या डुकराचं मांस घातलंस ना," मी म्हणालो.

एरामूनने ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या. चोरासारख्या नाही, आपल्या घराचं दार उघडावं तशा. समुद्राच्या बाजूची सगळी ताडपत्री वर गुंडाळून बांधली, मग समोरची, म्हणजे वारा आरपार जाईल अशी. तो बाजूला उभा राहिला. नुसता उभा. टोपी काढून झाडांना वारा घालायला लागला तेव्हा आशुनने माझ्या दंडाला चिमटा काढला, जणू हा वेडेपणा मी करत होतो.

मग तो कामाला लागला. एक तुरा दोन अंगठ्यांनी हलकेच उघडायचा, आत बघायचं, नाकाशी न्यायचा, सोडून द्यायचा. पुढचा. कुठल्या तरी तुऱ्यातलं एक पिवळं पान त्याने चिमटीत धरलं, ते आपसूक हातात आलं. त्याने कात्री काढली, तुरा कापला, कागदी पिशवीत घातला आणि कात्रीचं पातं दारूत भिजवलेल्या फडक्याने पुसलं. पुन्हा पुढचा. प्रत्येक कापानंतर पातं पुसायचं. मला वाटलं, आता हिला सांगावं की चोर असं करत नाहीत. पण तेवढ्यात तो शेवटच्या झाडाशी गेला, वाकला आणि त्याने लाल दोऱ्याची फांदी हातात घेतली.

"हात काढ!"

सळई खोपटातच राहिली. आशुन धावली. मी तिला धावताना आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"हात काढ त्या फांदीवरून!"

एरामूनने फांदी सोडली आणि कात्री खाली केली. "आलीस? बरं झालं. मी हाक मारली होती."

"हाक मारून चोरी करतोस?"

"चोरी?" त्याने पिशवी उघडून तिच्यापुढे धरली. "घे तुझा माल. आधी वास घे."

तिने घेतला नाही, म्हणून मी घेतला. तळघरात विसरलेल्या ओल्या गोणपाटाचा वास. एरामूनने एक तुरा मोडून दाखवला. बाहेरून हिरवा, भरलेला, दवासारखा चकचकीत. आत करडी धूळ, देठ तपकिरी आणि मऊ.

"माझ्या द्राक्षांनाही हीच बुरशी लागते," तो म्हणाला. "घट्ट घोसाला आधी. म्हणून आम्ही घोसाभोवतालची पानं काढतो. वारा लागला पाहिजे. मी कुंपणाशी काम करत होतो तेव्हा वास आला मला."

"तूच आणलीस ही. तुझ्या द्राक्षांवरून, कपड्यांना लावून."

एरामूनने यावर खरंच विचार केला. तो तसा माणूस आहे. "असेलही. पण हवेत असते तोवर ती काही करत नाही, आशुन. तू तिला घर बांधून दिलंस. वर छपरासकट."

"ताडपत्री कुणामुळे बांधली?"

"माहीत आहे कुणामुळे. डिसेंबरपासून माहीत आहे."

कुत्रा आळीपाळीने आम्हा तिघांकडे बघत होता.

"मग सांगायचं होतंस," आशुन शेवटी म्हणाली.

"कसं? तू रस्त्यात मला बघून पलीकडे जातेस. दार वाजवून म्हणू, तुझी झाडं आतून सडताहेत? मीच सडवली म्हणाली असतीस. आत्ता म्हणालीसच."

"कापलेलं सगळं काय केलंस?"

"जाळलं. अंगणातल्या शेगडीत."

"पाहिलं कुणी?"

"एदुर्नेने. आणि कोंबड्यांनी. शेगडीशेजारीच खुराडं आहे, त्या धुराने दोन दिवस एकही खाली उतरली नाही."

मला हसू आलं. आशुनला आलं नाही. तिने एरामूनच्या डोळ्यांत पाहिलं आणि वर्षभर न विचारलेलं विचारलं. "ते झाड तू नेलं नव्हतंस?"

"नाही."

"नाही म्हणणारच."

"मग विचारतेस कशाला?" आता एरामून चिडला. पण तो वळला नाही, निघून गेला नाही. त्याने कात्रीने लाल दोऱ्याकडे खूण केली. "हे आधी बघ. मागच्या गुरुवारी मी हिला हात लावला नाही. दोरा दिसला, म्हटलं तुझं काही असेल. आज खालचा तुरा सडलाय. आज नाही काढला तर दोन-तीन दिवसांत वर चढेल. फांदीत काय आहे ते मला ठाऊक नाही. काय करायचं ते तू सांग."

आशुनचं तोंड मी मुसच्या टेबलावर दर गुरुवारी बघतो. हातात काही आहे की नाही ते त्यावरून कधीच कळत नाही. त्या दिवशी कळलं. बियाणं कुठे आहे, एवढी एकच गोष्ट डोंगरावर तिच्याशिवाय फक्त मला माहीत होती. आता ज्याच्यापासून ती लपवायची त्यालाच सांगायची होती, नाहीतर फांदी जाणार होती.

"त्यात बी आहे," ती म्हणाली.

"किती?"

"आहे ते सगळं. बरणीत काही नाही."

एरामूनने टोपी डोक्यावर मागे सरकवली. "सगळं पेरलंस?"

"हो."

"देवा," तो म्हणाला. इतकंच. मग कात्री उलटी करून मूठ तिच्याकडे केली.

तिने घेतली. तुरा अगदी देठाशी होता, वर लगेच बी धरलेले तुरे सुरू होत होते. तिने पातं जागेवर नेलं आणि दाबायला गेली. बोटं दाबली जाईनात. दुसऱ्या हाताने मूठ आवळली तर पातं हलायला लागलं.

"दे इकडे," मी म्हणालो.

"तू? तू पेन्सिलला टोक करताना बोट कापतोस."

ते खरं आहे. तिने कात्री एरामूनला परत दिली. पण फांदी दिली नाही. दोन्ही हातांनी फांदी धरली, सडलेल्या तुऱ्याच्या बरोबर वर, आणि बोटांची भिंत केली. "इथून कापायचं. माझं बोट कापलं तरी चालेल, वर जायचं नाही."

त्याने तिच्या गड्ड्यासारख्या पेरांच्या खालून पातं सरकवलं आणि कापलं. तुरा पिशवीत पडला. उरलेला देठ आतून पांढरा, निरोगी होता. एरामूनने तो तिला दाखवला. तिने तो माझ्याकडे करून मलाही पाहायला लावलं.

ताडपत्रीवरून अजून एक खडाजंगी झाली. काढली पाहिजे, असं एरामूनचं म्हणणं. काढली तर रस्त्यावरून दिसेल, पोलीस येतील, नाहीतर पोरं येतील, असं तिचं. शेवटी एरामूनने त्याच्या शेतातली मक्याची वाळलेली ताटं आणली आणि रस्त्याच्या बाजूला शेंडे एकत्र बांधून तिकाटण्यांसारखी उभी केली, जशी त्या दिवसांत सगळ्यांच्याच शेतात असतात. त्यातून वारा जात होता, नजर जात नव्हती. चारांपैकी दोन झाडं त्याच आठवड्यात कापावी लागली, अर्धी फेकली. तिसऱ्याचं थोडं मलमापुरतं निघालं. चौथं, लाल दोऱ्याचं, उभं राहिलं. बी पिकायला ऑक्टोबरचा मध्य लागणार होता.

तोवर आशुन रोज स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन झाडाशेजारी बसे. मांडीवर सोलायच्या शेंगा. बुरबुर आली की डोक्यावर फडकं घेई, झाडावर काही घेऊ देत नसे. मी एकदा पाहिलं तर ती रस्त्याकडे पाठ करून बसली होती, तोंड एरामूनच्या घराकडे.

"चोर रस्त्यावरून येईल ना," मी म्हणालो.

"रस्त्यावरचा चोर मला माहीत नाही. माहीत नसलेल्यावर लक्ष कसं ठेवणार?"

"एरामूनने एवढं केलं तरी?"

"केलं. नाही कुठे म्हणते? का केलं ते मी बघतेय."

एरामूनला ते दिसत होतं. तो द्राक्षांच्या ओळींतून काम करता करता हात उंचावून दाखवी, माझ्या हातात काही नाही अशा अर्थी. ती मान हलवी. हाच त्यांचा दिवसभराचा संवाद. मधे एकदा तो कुंपणाशी येऊन ओरडला, "बाई, आज दक्षिणेचा वारा आहे, बुरशीला सुट्टी. तूही घे!" ती म्हणाली, "तू घे, मग मी घेते."

दक्षिणेचा वारा चार-पाच दिवस टिकला. आमच्याकडे तो आला की भिंती कोरड्या होतात आणि माणसं भांडकुदळ होतात. फांदीवरच्या तुऱ्यांची पानं वाळली, आणि त्यांच्या बेचक्यांत बी दिसायला लागलं, करडं, गडद रेघांचं. आशुन रोज एक बी काढून अंगठ्याच्या नखाने दाबी. पिचलं की तोंड वाकडं करी. एका सकाळी ते पिचलं नाही.

तिने मला बोलावलं. एरामूनला बोलावलं नाही, पण तो कुंपण ओलांडून आला, आणि येण्याआधी हाक मारायला विसरला नाही. आशुन समोरच बसलेली असूनही. फांदी तिने एका पांढऱ्या फडक्यावर धरली आणि तुरे तळहातांत चोळले. बोटं न मिटणारे तिचे ते हात या कामाला मात्र पुरेसे होते. चोथा फुंकरीने उडाला. फडक्यावर बी राहिलं. फार नव्हतं, कॉफीच्या कपाचा तळ झाकेल एवढं. पण भरलेलं आणि कडक.

ती त्याकडे बराच वेळ बघत राहिली. "एका घरात ठेवायचं नाही," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. मग चिमूट उचलली आणि माझ्या हातात दिली. मी रुमालात बांधली. दुसरी चिमूट उचलून ती थांबली. एरामून काही मागत नव्हता. हात खिशातच होते त्याचे.

"हात काढ," ती म्हणाली.

"कुठून?"

"खिशातून, कुठून काय!"

त्याने तळहात पुढे केला. तिने तो धरला, आत काही चिकटलेलं नाही ना ते पाहिलं, आणि बी त्यावर ठेवलं. मला दिलं त्याहून थोडं जास्तच.

"कोरड्या जागी ठेव. द्राक्षांपासून लांब. आणि मी मोजून दिलंय, लक्षात ठेव."

"ठेवतो," एरामून म्हणाला आणि मूठ मिटून, एकही बी सांडू नये म्हणून छातीशी धरून, हळूहळू उतार उतरायला लागला.

तिने मोजलं नव्हतं. मी शेजारीच उभा होतो. पण ते त्याला सांगायचं मला काही कारण नव्हतं.